नोकरी सांभाळून डेटा सायन्सची सरकारी पदवी: आयआयटी मद्रासचा बीएस अभ्यासक्रम कसा पेलायचा

मी सातारा जिल्ह्यात कोरेगावला राहते आणि एका पतसंस्थेत कर्जखात्यांचं काम बघते. शिक्षण मराठी माध्यमातून, बारावी वाणिज्य, तीसुद्धा गणिताऐवजी एस.पी. (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेऊन, मग बी.कॉम. आयआयटी मद्रासच्या 'डेटा सायन्स अँड ॲप्लिकेशन्स' या बीएस पदवीतले दोन्ही डिप्लोमे झाले आहेत, आता पदवीच्या टप्प्याचे विषय चालू आहेत. पतसंस्थेत येणारे पालक काउंटरवरच विचारतात, "मॅडम, ते घरी बसून आयआयटी म्हणतात ते खरं असतं का? आमच्या पोरीला जमेल का?" त्यांना तोंडी जे सांगते, ते सगळं इथं लिहून ठेवते.

खरं आहे. संस्था सरकारी, पदवी आयआयटी मद्रासचीच. २०२० मध्ये हा अभ्यासक्रम बीएस्सी म्हणून जाहीर झाला आणि २०२२ पासून तो चार वर्षांच्या बीएसपर्यंत वाढवला. जेईई लागत नाही. दहावीला गणित आणि इंग्रजी हवं आणि बारावी कुठल्याही शाखेची चालते. वयाची अट नाही. शिकवणं ऑनलाइन, पण क्विझ आणि अंतिम परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यावी लागते. या एका गोष्टीमुळे पदवीला वजन आहे, आणि म्हणूनच तिचा अभ्यास वेगळ्या पद्धतीनं करावा लागतो. प्रवेश मिळवण्यात फार कष्ट नाहीत. दर आठवड्याला टिकून राहण्यात आहेत.

रचना आधी डोक्यात बसवा

सुरुवातीला क्वालिफायर असतो. चार आठवड्यांचा अभ्यास, विषय चार: इंग्रजी, गणित, संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटेशनल थिंकिंग. दर आठवड्याचे गृहपाठ भरायचे, त्यात किमान गुण मिळाले की केंद्रावरच्या परीक्षेला बसायला मिळतं. ती पास झालात की फाउंडेशनमध्ये, म्हणजे पदवीच्या पहिल्या टप्प्यात, प्रवेश. ही स्पर्धा परीक्षा नाही, जागा मोजून भरत नाहीत. ठरलेले गुण ज्यानं मिळवले तो आत.

फाउंडेशनचे आठ विषय म्हणजे ३२ क्रेडिट. पुढे प्रोग्रॅमिंगचा डिप्लोमा आणि डेटा सायन्सचा डिप्लोमा, प्रत्येकी २७ क्रेडिट. त्यावर बीएस्सी, एकूण ११४ क्रेडिटला. आणि बीएस १४२ ला. प्रत्येक टप्प्यावर प्रमाणपत्र घेऊन थांबता येतं. घरची अडचण आली आणि डिप्लोमावर थांबावं लागलं तरी हातात काहीतरी ठोस असतं. आमच्याकडे मुलींची लग्नं ठरतात, बदल्या होतात, कुणाचं आजारपण निघतं, म्हणून ही सोय मला फार मोलाची वाटते. पूर्ण करायला जास्तीत जास्त आठ वर्षं मिळतात.

शुल्क जेवढे विषय घ्याल तेवढंच, टर्मच्या सुरुवातीला भरायचं. विषय नापास झाला तर तो परत घ्यावा लागतो आणि त्याचं शुल्कही परत भरावं लागतं, हे लक्षात ठेवून विषय निवडा. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, आणि उत्पन्नाच्या अटीत बसणारे ओबीसी व ईडब्ल्यूएस विद्यार्थी यांना ७५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. त्यासाठी दाखले वेळेत काढा. इथं आपल्याकडची मुलं हमखास अडकतात: महाराष्ट्रात कॉलेज प्रवेशासाठी काढलेला नॉन-क्रिमिलेअर दाखला राज्याच्या नमुन्यातला असतो, आणि ही केंद्राची संस्था असल्यानं केंद्राच्या नमुन्यातला लागतो. सेतू केंद्रात किंवा आपले सरकारवर अर्ज करताना 'केंद्रासाठी' असं स्पष्ट सांगा. उत्पन्नाचा दाखला कुठल्या आर्थिक वर्षाचा मागितलाय तेही बघा. तहसील कचेरीत मार्चमध्ये गर्दी असते, त्याआधी काम उरकून घ्या.

माझी भाची साताऱ्याला कॉलेजात बीएस्सी करते आणि सोबत हेही. २०२२ पासून यूजीसीनं एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिलेली आहे, त्यामुळे त्यात काही गैर नाही. फक्त कॉलेजच्या सेमिस्टरची परीक्षा आणि इथली परीक्षा एकाच आठवड्यात आली तर काय करायचं, ते विषय निवडतानाच ठरवून ठेवा.

पैसे भरायच्या आधी

फाउंडेशनच्या विषयांचे व्हिडिओ यूट्यूबवर सगळ्यांसाठी मोफत आहेत. गणित १ आणि संख्याशास्त्र १ चे पहिले दोन आठवडे आधी बघा. नुसते बघू नका, वही-पेन घेऊन बसा. व्हिडिओतलं उदाहरण थांबवून स्वतः सोडवा, मग पुढचं बघा. दोन आठवडे रोज एवढं बसणं जमलं तर अर्ज भरा. नसेल जमत तर अजून सहा महिने थांबा, काही बिघडत नाही. वर्षातून तीन टर्म सुरू होतात.

गणित सुटून वर्षं झाली असतील तर बालभारतीची दहावी ते बारावीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. सगळी नकोत. संच, संबंध आणि फल, सरळ रेषा, वर्गसमीकरणं, लॉगरिदम, क्रमचय-संचय आणि संभाव्यता, एवढी प्रकरणं मराठीतून हातानं सोडवून झाली की गणित १ अनोळखी वाटत नाही. शेवटच्या आठवड्यांत ग्राफ थिअरी येते, ती कुठल्याच शाळेत झालेली नसते, तिथं सगळे सारखेच.

टर्मला किती विषय घ्यायचे

संपूर्ण लेखातलं एकच वाक्य पाळणार असाल तर हे पाळा: नोकरी किंवा घरची जबाबदारी असेल तर टर्मला दोन विषय. तिसरा घ्यायचा मोह होतो, कारण दोन विषयांनी आठ विषयांचं फाउंडेशन व्हायला चार टर्म जातात आणि सोबतची मुलं पुढे गेलेली दिसतात. पण एका विषयाला आठवड्याला साधारण दहा तास धरावे लागतात. दोन विषय म्हणजे वीस तास. हे वीस तास कुठून येणार, ते आधी कागदावर मांडा.

टर्म जानेवारी, मे आणि सप्टेंबरला सुरू होतात, बारा आठवड्यांच्या. आपल्याकडच्या वर्षाशी ताडून बघा. जानेवारीच्या टर्ममध्ये मार्चएंड येतो. पतसंस्था, बँक, सीएचं ऑफिस, कारखान्याचं अकाउंट्स, यांपैकी कुठेही असाल तर त्या टर्मला एक जड आणि एक हलका विषय घ्या, दोन जड नकोत. सप्टेंबरच्या टर्मला नवरात्र आणि दिवाळी येतात, कधी गौरी-गणपतीही. घरातली बाई शिकत असेल तर ही टर्म सगळ्यात अवघड, हे मी स्पष्ट सांगते. फराळाच्या आठवड्याचा गृहपाठ आदल्या आठवड्यात संपवता येईल असं बघा. मे महिन्याची टर्म मला सगळ्यात मोकळी जाते, गणित २ सारखा विषय मी तेव्हाच घ्यायला सांगेन. एखादी टर्म अजिबातच शक्य नसेल तर विषय न घेता सोडा. अर्धवट अभ्यास करून परीक्षेला बसण्यापेक्षा ते बरं.

विषयांना क्रम आहे. कॉम्प्युटेशनल थिंकिंगशिवाय पायथन घेता येत नाही, गणित १ शिवाय गणित २ नाही, आणि संख्याशास्त्र २ ला त्याआधीचं गणित आणि संख्याशास्त्र दोन्ही लागतं. म्हणून सुरुवातीला गणित १ मागे टाकू नका. ज्याची भीती वाटते तोच विषय पुढच्या सगळ्यांची वाट अडवून बसतो.

आठवडा कसा लावायचा

माझी वेळ पहाटेची. आमच्याकडे नळाला पाणी साडेसहाला येतं, त्यानंतर घर जागं होतं. त्याआधीचा वेळ माझा. सोमवार-मंगळवार नव्या आठवड्याचे व्हिडिओ, बुधवार-गुरुवार सरावाचे प्रश्न, शुक्रवारी गुणांचा गृहपाठ पहिल्यांदा भरून ठेवायचा, शनिवार-रविवार अडलेलं. मुदत संपायच्या रात्री भरायला बसलात की नेमकी वीज जाते. मुदतीच्या आत उत्तर बदलता येतं, म्हणून अर्धवट का होईना, लवकर भरून ठेवा.

गृहपाठाचे गुण अंतिम निकालात थोडेच धरतात म्हणून काही जण ते सोडून देतात. तसं करू नका. पहिल्या काही आठवड्यांच्या गृहपाठांत किमान सरासरी नसेल तर अंतिम परीक्षेला बसू देत नाहीत. प्रत्येक टर्मच्या सुरुवातीला प्रत्येक विषयाचं गुणांचं सूत्र प्रसिद्ध होतं. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढा. बऱ्याच विषयांत दोन पद्धतींनी बेरीज करून जी जास्त येईल ती धरतात. क्विझ १ बिघडली म्हणून रडत बसण्याआधी त्या सूत्रात आपले गुण घालून बघा, अंतिम परीक्षेत किती मिळाले तर पुरतील ते समजतं.

व्हिडिओ इंग्रजीत असतात. मराठी माध्यमाच्या मुलांना बोलणं महिन्याभरात कळायला लागतं, सबटायटल चालू ठेवा. खरे गुण जातात ते प्रश्नाच्या वाक्यात. संभाव्यतेच्या प्रश्नात 'ॲट लीस्ट', 'ॲट मोस्ट', 'एक्झॅक्टली' आणि 'गिव्हन दॅट' हे चार शब्द वाचण्यात चुकले की पुढचं सगळं गणित बरोबर असूनही उत्तर चुकतं. प्रश्न सोडवण्याआधी त्या शब्दाखाली पेन्सिलनं रेघ मारायची सवय लावा. आणि स्वतःची टिपणं मराठीतच काढा. मी अजूनही तशीच काढते.

कार्डं कापा

कॉम्प्युटेशनल थिंकिंग हा या पदवीतला माझा सगळ्यात लाडका विषय, त्यामुळे इथं जरा थांबते. प्रोग्रॅमिंगची ओळख करून देणारा विषय, पण त्यात सुरुवातीला कोडच नाही. प्रा. माधवन मुकुंद आणि प्रा. जी. वेंकटेश टेबलावर कागदी कार्डं घेऊन बसतात. एका गठ्ठ्यात विद्यार्थ्यांचे गुण: नाव, जन्मतारीख, गाव, गणित, भौतिक, रसायन, एकूण. दुसऱ्या गठ्ठ्यात दुकानांची बिलं. तिसऱ्यात एका परिच्छेदातले शब्द, एका कार्डावर एक शब्द. न वाचलेली कार्डं पहिल्या गठ्ठ्यात, वाचून झालेली दुसऱ्यात. एक कार्ड उचला, बघा, लिहा, दुसऱ्या गठ्ठ्यात टाका. पहिला गठ्ठा संपला की थांबा.

बघताना हे इतकं सोपं वाटतं की मुलं दुप्पट वेगानं व्हिडिओ पळवतात, आणि मग क्विझमध्ये स्यूडोकोडच्या, म्हणजे साध्या शब्दांत लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या, प्रश्नांवर आपटतात. तुम्ही पळवू नका. गेल्या वर्षाच्या कॅलेंडरची पानं घ्या, मागची कोरी बाजू वापरा आणि ३० कार्डं खरोखर कापा. त्यावर गुण लिहा. मग जमिनीवर बसून करा.

एक उदाहरण देते. एकाच गावच्या विद्यार्थ्यांच्या जोड्या किती, हे शोधायचंय. पहिलं कार्ड घेतलं, ते बाकीच्या सगळ्यांशी ताडलं. दुसरं घेतलं, पुन्हा सगळ्यांशी ताडलं. असं प्रत्येक कार्ड उरलेल्या २९ शी ताडत गेलात तर ८७० वेळा बघावं लागतं, आणि प्रत्येक जोडी दोनदा मोजली जाते: कोरेगावची आशा आणि कोरेगावचा विजय, परत कोरेगावचा विजय आणि कोरेगावची आशा. म्हणून ताडून झालेलं कार्ड दुसऱ्या गठ्ठ्यात टाकायचं आणि पुढचं कार्ड फक्त पहिल्या गठ्ठ्यात उरलेल्यांशीच ताडायचं. मग ४३५ वेळा बघून काम होतं आणि जोडी एकदाच मोजली जाते. हे हातानं केलं की पुढे पायथनमध्ये एका लूपच्या (पुन्हापुन्हा करायच्या कृतीच्या) आत दुसरा लूप येतो तेव्हा तो कुठून सुरू करायचा हे पाठ करावं लागत नाही. आणखी पुढे, डिप्लोमात, अल्गोरिदमला किती वेळ लागतो हे मोजायला शिकवतात, तेव्हाही हीच कार्डं डोळ्यासमोर येतात.

स्यूडोकोडचा प्रश्न आला की तक्ता आखा. प्रत्येक व्हेरिएबलला (बदलत जाणाऱ्या आकड्याला) एक उभा रकाना, प्रत्येक कार्डाला एक आडवी ओळ. परीक्षक बहुतेक वेळा एकच खोडी करून ठेवतो: मोजणी शून्य करणारी ओळ लूपच्या बाहेर असायला हवी ती आत ठेवतो, किंवा तुलना 'पेक्षा जास्त' ऐवजी 'पेक्षा जास्त किंवा समान' करतो. मग बरोबरीचे गुण असलेले दोघं आले की उत्तर बदलतं. नजरेनं वाचताना हे निसटतं, तक्त्यात निसटत नाही. तक्ता पहिल्या चार-पाच कार्डांचा भरला तरी खोडी सापडते.

संख्याशास्त्र: सूत्राच्या आधी माणसं मोजा

संख्याशास्त्र १ मध्ये बेजचा नियम (एखादी खूण दिसल्यावर शक्यता किती बदलते ते सांगणारा) येतो आणि बरीच मुलं तो पाठ करून परीक्षेला जातात. सूत्र लिहायच्या आधी हजार माणसं धरा. माझ्या कामातलंच उदाहरण घेते, आकडे समजुतीसाठी मानलेले आहेत.

समजा १००० कर्जखाती आहेत. त्यांतली ५० थकणार आहेत. एक नियम आपण बनवला, जो थकणाऱ्या ५० पैकी ४० बरोबर ओळखतो, म्हणजे ८० टक्के. पण नीट फेडणाऱ्या ९५० पैकी १० टक्क्यांवरही तो चुकून बोट ठेवतो, म्हणजे ९५ जणांवर. आता नियमानं बोट ठेवलेली एकूण खाती १३५. त्यांतली खरोखर थकणारी ४०. म्हणजे बोट ठेवलेलं खातं खरंच थकण्याची शक्यता ३० टक्क्यांहूनही थोडी कमीच. ८० टक्के अचूक ओळखणारा नियम, आणि तरी त्यानं दाखवलेल्या दहांपैकी सात जण प्रामाणिक. एवढं झाडासारखं कागदावर काढलं, आधी हजार, मग ५० आणि ९५०, मग त्यांच्या फांद्या, की सूत्र आपोआप उतरतं. आमच्या कामात त्या सातांतला प्रत्येक जण एक ओळखीचा माणूस असतो, त्यामुळे मला हा नियम गुणांपुरता कधी वाटलाच नाही. पुढे मशीन लर्निंगमध्ये प्रिसिजन आणि रिकॉल शिकवतात, तेही याच झाडातले दोन भागाकार आहेत: ४० भागिले १३५ आणि ४० भागिले ५०.

संख्याशास्त्र २ जड आहे. जॉइंट डिस्ट्रिब्यूशन, सेंट्रल लिमिट थिअरम, एस्टिमेशन, हायपोथेसिस टेस्टिंग. तिथं वेगळी युक्ती नाही, प्रश्न सोडवत राहायचं. गणित २ मध्ये मॅट्रिक्सची रो-रिडक्शन हातानं इतक्या वेळा करा की बेरीज-वजाबाकीच्या चुका बंद होतील. संकल्पना कळूनही उणे चिन्हात गुण जातात, आणि संख्या भरायच्या प्रश्नात अर्धे गुण नसतात.

पायथन आणि घरून द्यायची परीक्षा

पायथनमध्ये केंद्रावरच्या परीक्षांशिवाय ओपीपीई (ऑनलाइन प्रॉक्टर्ड प्रोग्रॅमिंग एक्झाम) असते. ठरलेल्या वेळात, घरून, कॅमेरा आणि स्क्रीन शेअर करून कोड लिहायचा. त्याची तयारी एकच: रोज एक प्रश्न, कोऱ्या पानावरून, घड्याळ लावून. जुना कोड समोर ठेवून बदल करायचा नाही. स्ट्रिंग, लिस्ट, डिक्शनरी, फाइल, एवढ्यावर हात बसला पाहिजे. पहिल्यांदा दिलेल्या नमुन्याचं उत्तर येतं का बघा, मग रिकामी लिस्ट, एकच घटक, आणि सगळे घटक सारखे, या तीन गोष्टी घालून बघा. लपवलेल्या टेस्ट केस बहुधा यातच असतात.

गावाकडे असाल तर परीक्षेच्या दिवशी वायफायसोबत दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट तयार ठेवा आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज करा. घरातल्यांना आधी सांगून ठेवा की खोलीत कुणी यायचं नाही. आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्या वेळात दारावर बसून भाजी निवडायची जबाबदारी घेतली आहे, त्यामुळे शेजारच्यांचीही ये-जा थांबते.

चॅटजीपीटीचं विचारणारेही बरेच असतात. गृहपाठ त्याच्याकडून सोडवून घेतला तर शंभर पडतात आणि केंद्रावर गेल्यावर पेन हलत नाही. मी ते वापरते, पण स्वतःचं उत्तर लिहून झाल्यावर. "माझी तिसरी पायरी का चुकली?" असं विचारा. "उत्तर दे" असं विचारू नका. हे दोन प्रश्न वेगवेगळी माणसं घडवतात, मी माझ्याच आजूबाजूला बघितलंय.

परीक्षेचा रविवार

केंद्राचं शहर टर्ममध्ये वेळेत निवडा. मी पुणे निवडते. केंद्र पुण्यात म्हणजे कुठेही असू शकतं, शहराच्या अगदी बाहेरही, म्हणून हॉल तिकीट आलं की लगेच नकाशावर बघा. साताऱ्याहून स्वारगेटची विनाथांबा गाडी वेळेवर निघते, पण खंबाटकीजवळ एखादा ट्रक बंद पडला की सगळं कोलमडतं. पावसाळ्यात तर फार लवकर निघा, किंवा आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्काम करा. मूळ ओळखपत्र घ्या, हॉल तिकिटाच्या दोन प्रती छापून घ्या. पेपर संगणकावर असतो. घेतलेल्या सगळ्या विषयांची क्विझ एकाच दिवशी येते, म्हणजे दोन विषय घेतले तर डोकं दोनदा बदलावं लागतं, चार घेतले तर चारदा. दोनच विषय घ्या म्हणते त्याचं हे आणखी एक कारण.

डिप्लोमा: हात आखडू नका

डिप्लोमात विषय बरेच आहेत. डीबीएमएस (डेटाबेस), जावा, सिस्टिम कमांड्स वगैरे पाठीला पाठ लावून करत गेलं की होतात. मॉडर्न ॲप्लिकेशन डेव्हलपमेंटच्या प्रोजेक्टला फ्लास्क (पायथनमधून वेबसाइट करायचं साधन) आणि एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) वापरून वेबसाइट करायची असते. ती महिनाभर आधी सुरू करा, आणि प्रत्येक ओळ का लिहिली ते माहीत असू द्या, कारण व्हायव्हात तिथल्या तिथे बदल करून दाखवायला सांगू शकतात.

मशीन लर्निंगची गणितं परत वही काढूनच करा. ग्रेडियंट डिसेंट घ्या, म्हणजे उतारानं चालत सगळ्यात कमी किंमत शोधायची पद्धत. (w − ३) चा वर्ग सगळ्यात कमी कुठे होतो? ३ ला, हे दिसतंच. आता ० पासून सुरू करून ०.१ च्या पावलानं चाला, म्हणजे दर वेळी त्या जागचा उतार, २(w − ३), पावलानं गुणून w मधून वजा करा: ०.६, मग १.०८, मग १.४६४. हळूहळू ३ कडे. पाऊल १ घेतलं तर ० वरून ६, ६ वरून परत ०, कायमचं. पाऊल याहून मोठं घेतलं तर दर वेळी आणखी लांब. मशीन लर्निंगच्या तयार कोडमध्ये लर्निंग रेट नावाचा आकडा भरताना काय भरतोय, हे या पाच ओळींत समजतं.

बिझनेस डेटा मॅनेजमेंटचा प्रोजेक्ट

यात खऱ्या व्यवसायात जाऊन खरा डेटा गोळा करायचा असतो. मोठी कंपनी शोधत बसू नका. गावातलं दुकान घ्या, जिथं मालक तुमच्याशी निवांत बोलेल. मी एक कृषी सेवा केंद्र घेतलं. परवानगीचं पत्र, दुकानाचे फोटो आणि मालकाशी बोलल्याचा व्हिडिओ लागतो, हे पहिल्याच भेटीत त्यांना सांगा. नंतर हळूच मागितलं तर माणूस बिचकतो.

डेटा म्हणजे बिलबुकं आणि उधारीची वही. तिथं एकच गोष्ट चार तऱ्हेनं लिहिलेली असते: युरिया, यूरिया, 'यु. ४५', 'निम युरिया २ पोती'. डीएपी आणि १०:२६:२६ ही खतं कधी नावानं, कधी नुसत्या गोणीच्या रंगानं. आधी एक नावांची यादी करा, मालकासमोर बसून, कुठलं नाव कशाचं ते विचारत. मग शीटमध्ये भरा. भरण्यात जितके दिवस जातील त्याहून जास्त दिवस या साफसफाईत जातात, तसं वेळापत्रक आखा. उधारीच्या वहीतली शेतकऱ्यांची नावं शीटमध्ये आणू नका, प्रत्येकाला क्रमांक द्या. गावात कुणाची किती उधारी आहे हे बाहेर जाणं बरं नव्हे, मग ते कॉलेजच्या रिपोर्टमध्ये का असेना.

विश्लेषणाला साधी साधनं पुरतात. कुठल्या थोड्या मालावर बहुतेक विक्री होते त्याचा पॅरेटो चार्ट, आठवड्यागणिक विक्रीची रेघ, उधारी किती दिवसांनी वसूल होते त्याचा मध्यक. सरासरी नको, कारण दोन जुनी मोठी उधारी असली तर ती सरासरीला ओढून नेते.

आणि निष्कर्ष लिहायच्या आधी तक्ते घेऊन परत मालकाकडे जा. माझ्या शीटमध्ये जुलैचे काही दिवस युरियाची विक्री शून्य दिसत होती. नुसता आलेख बघणारा म्हणेल, मागणी घटली. मालक म्हणाले, "खताची रेल्वे रेक लागली नव्हती हो, माल कुठून विकणार? लोक येऊन परत जात होते." म्हणजे त्या दिवसांत मागणी सगळ्यात जास्त होती. मी शीटमध्ये 'माल शिल्लक होता का' असा आणखी एक रकाना जोडला, मालाच्या आवक-नोंदीवरून तो भरला, आणि विक्रीची सरासरी फक्त माल असलेल्या दिवसांवर काढली. आकडे बरेच बदलले. व्हायव्हात अर्धा वेळ याच रकान्यावर प्रश्न होते: तो का घातला, कशावरून भरला, आणि माल नसलेल्या दिवसांची मागणी अंदाजायची झाली तर कशी अंदाजाल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा. आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यातली विक्री, पेरणीची तारीख, आणि मालकाच्या आठवणीतली परत गेलेल्या गिऱ्हाइकांची नोंद, या तिन्हींचा मी आधार घेतला होता. अशी नोंद मालकाला पहिल्या दिवसापासूनच एका छोट्या वहीत ठेवायला सांगितली तर तुमचं काम आणखी सोपं होईल.